पफिंग बिलीच्या खिडकीतून दिसणारी निलगिरी

यारावासी

मेलबर्नला पाहुणे आले की एक दिवस पफिंग बिलीच्या नावानं काढून ठेवावाच लागतो. बेलग्रेव्हहून सुटणारी वाफेच्या इंजिनाची ही छोटी गाडी म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीची चुलत बहीण. पोरंटोरं खिडकीच्या कठड्यावर बसून पाय बाहेर सोडतात आणि पाहुणे लाकडी पुलाचे फोटो काढतात. गेल्या महिन्यात आई-बाबांना नेलं होतं. बाबा पुलाकडे बघेचनात, मान मोडेस्तोवर वरच बघत होते.

"ही कुठली रे झाडं?"
"निलगिरी."
"काहीतरीच. निलगिरी मी लाखांनी वाटली आहे. ही निलगिरी नाही."

बाबा सामाजिक वनीकरणात होते. १९८०च्या दशकात गावोगाव रोपं वाटली, आणि पुढे गावोगाव बोलणीही खाल्ली. त्यामुळे निलगिरी हा आमच्या घरातला जरा दुखरा विषय. गाडी परत येईपर्यंत त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की घरी येऊन वाचायला बसलो, आणि हा धागा त्यातूनच निघाला.

पहिली गोष्ट नावाची. 'निलगिरी' हे झाडाचं नाव नाहीच, डोंगराचं आहे. इंग्रजांनी १८४०च्या दशकात उटीच्या आसपास सरपणासाठी ऑस्ट्रेलियातून ब्लू गम आणून लावला, आणि आपण त्या डोंगराचं नाव झाडाला चिकटवून मोकळे झालो. युकॅलिप्टसच्या सातशेहून जास्त जाती आहेत आणि आपण त्या सगळ्यांना एकाच नावानं हाक मारतो. उटीची निलगिरी वेगळी, महाराष्ट्रात शेताच्या बांधावर दिसते ती वेगळी (ती बहुतेक 'म्हैसूर गम', म्हणजे टेरेटिकॉर्निस), आणि पफिंग बिलीच्या वाटेवरची तिसरीच. हिचं शास्त्रीय नाव युकॅलिप्टस रेग्नन्स. रेग्नन्स म्हणजे राज्य करणारा. १८७१ साली फर्डिनांड फॉन म्युलर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं हे नाव दिलं. व्हिक्टोरियाचा, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याचा, तो पहिला सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ.

इथले लोक हिला माउंटन अ‍ॅश म्हणतात. युरोपातून आलेल्यांना लाकूड पाहून आपल्याकडच्या अ‍ॅशची आठवण झाली, एवढंच निमित्त. त्या अ‍ॅशशी हिचा काडीचा संबंध नाही. आणि गंमत म्हणजे हेच लाकूड बाजारात 'टास्मानियन ओक' म्हणूनही विकतात. अ‍ॅशही नाही आणि ओकही नाही. आपल्यासारखेच आहेत हेही.

आता झाड. बुंध्याशी पाच-दहा मीटरपर्यंत, कधी त्याच्याही वर, खडबडीत तंतुमय साल असते. त्याच्या वर एकदम गुळगुळीत, पांढरट-करडं खोड, साठ-सत्तर मीटर सरळसोट. दरवर्षी वरची साल लांबच लांब पट्ट्यांनी सुटते आणि फांद्यांच्या बेचक्यांत लोंबत राहते. वाऱ्यात त्या पट्ट्या खोडावर आपटल्या की रिकाम्या वाड्यात दार वाजल्यासारखा आवाज येतो. बाबांना त्या पट्ट्यांचं फार अप्रूप वाटलं. इथल्या अग्निशमन दलाला मात्र धडकी भरते, कारण वणव्यात पेटलेल्या पट्ट्या वाऱ्यावर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन नवी आग लावतात.

पानं विळ्यासारखी वाकडी, दोन्ही बाजूंनी सारखीच हिरवी, आणि देठावर उभी लोंबणारी. आपल्या वडापिंपळाचं पान आकाशाकडे तोंड करून बसतं, हिचं पान उन्हाकडे कड करतं. म्हणून एवढ्या मोठ्या झाडाखाली गडद सावली पडत नाही, ऊन गळून खाली येतं. त्या गळक्या उन्हावर खाली दुसरं जंगल उभं असतं: दोन-तीन माणसं उंचीचे वृक्षनेचे, सिल्व्हर वॉटल, ब्लॅकवुड, आणि ओढ्याकाठी मर्टल बीच. वॉटल आणि ब्लॅकवुड दोघंही आपल्या बाभळीच्या गोतातले बरं का.

फूल निलगिरीचंच. पाकळ्या सुट्या नसतातच. त्या जुळून कळीवर एक टोपी बनते. आत पुंकेसर पिकले की टोपी गळून पडते आणि पांढरा झुबका बाहेर येतो. युकॅलिप्टस या शब्दाचा अर्थच 'नीट झाकलेलं'. हे नाव १७८८ साली लेरिटिए या फ्रेंच माणसानं ठेवलं, तेही कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत टास्मानियाच्या ब्रूनी बेटावरून नेलेल्या वाळक्या नमुन्यावरून. रेग्नन्सची खूण म्हणजे कळ्यांचे गुच्छ पानाच्या बगलेत जोडीनं येतात. पण कळ्या चाळीस-पन्नास मीटरवर, त्यामुळे ही खूण बघायला पडलेली डहाळीच शोधावी लागते.

राहते कुठे? व्हिक्टोरियाचा पूर्व-मध्य डोंगराळ भाग, डँडेनाँग, ऑटवे, गिप्सलँडच्या टेकड्या, आणि समुद्रापलीकडे टास्मानिया. बस्स. जगात दुसरीकडे नैसर्गिकरीत्या कुठेच नाही. हिला थंडी हवी, वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस हवा, खोल भुसभुशीत माती हवी. डोंगर चढत हजार मीटरच्या वर गेलात की अल्पाइन अ‍ॅश ही तिची बहीण लागते, आणखी वर बुटका वाकडातिकडा स्नो गम. खाली कोरड्या उतारांवर मेसमेट. वार्षिक पावसाचा आकडा हातात असला तर पुढच्या वळणावर कुठलं झाड येणार ते सांगता येतं, इतक्या काटेकोर या हद्दी आहेत.

आणि आता मुख्य गोष्ट. एवढं मोठं झाड आगीत मरतं. बहुतेक निलगिऱ्या जळल्यावर पुन्हा फुटतात, ही फुटत नाही. ही मरते आणि मरता मरता बी टाकते. बोंडं झाडावरच मिटून बसलेली असतात. आगीच्या धगीनं ती सुकून उघडतात, आणि पुढच्या काही दिवसांत राखेवर बियांचा सडा पडतो. एका हेक्टरवर पंचवीस लाखांपर्यंत रोपं मोजलेली आहेत. त्यातून दोन-तीनशे वर्षांनी उरतात तीस-चाळीस.

बाबा ऐकून म्हणाले, "म्हणजे जंगल नव्हे, पीक आहे हे." मला हे वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

---

सह्यभटक

वा! बाबांचं निरीक्षण भारी आहे. मला वाचताना सारखी कारवी आठवत होती. आख्खा डोंगर एका वयाचा, सात वर्षांनी एकदम फुलणार, बी धरणार आणि एकदम वाळणार. पुढच्या पावसात त्याच जागेवर नवी पिढी. फक्त कारवीचं घड्याळ तिच्या आत असतं आणि हिचं घड्याळ बाहेर, वणव्याच्या हातात. असं म्हणता येईल का?

---

बांधावरचा

लेख चांगला आहे, पण निलगिरीचं कौतुक वाचवत नाही हो. आमच्या धुऱ्यावर बापानं लावली होती. विहीर गेली, शेजारच्या तासांत पीक उभं राहीना. पाणी पिणारं झाड आहे ते. तुमच्या वडिलांचा दोष नाही, त्यांना वरून आलं ते त्यांनी वाटलं.

एक प्रश्न. आमची निलगिरी कापली की बुंध्यातून खोडवा फुटतो. उसासारखे दोन-तीन खोडवे घेतो आम्ही. जाळली तरी फुटते. ही मोठी असून का फुटत नाही?

---

कडीपत्ता

सर्दीला वाफ घेतो ते तेल याच झाडाचं का? आजी रुमालावर दोन थेंब टाकून द्यायची, लेख वाचतानाच वास आला.

---

यारावासी

@सह्यभटक, कारवीची उपमा चपखल. मी उगाच शब्द शोधत बसलो होतो. इथेही डोंगरच्या डोंगर एका वयाचे आहेत आणि लोक जंगलाचं वय आगीच्या सालावरून सांगतात. "हे एकोणचाळीसचं" म्हणजे १३ जानेवारी १९३९च्या वणव्यानंतर उगवलेलं. ब्लॅक फ्रायडे म्हणतात त्या दिवसाला, ७१ माणसं गेली. मेलबर्नच्या आसपासच्या डोंगरांत जे उंच जंगल दिसतं त्यातलं पुष्कळसं त्या वर्षीचं. शंभर वर्षंही झालेली नाहीत त्याला, आणि मान वर करून टोपी पडते.

@बांधावरचा, तुमच्या खोडव्याच्या प्रश्नावरच सगळं अडलंय. तुमच्या निलगिरीच्या बुंध्याशी, मातीच्या पातळीला एक गाठ असते. लिग्नोट्यूबर म्हणतात. तिच्यात सुप्त डोळे आणि साठवलेलं अन्न. वरचं कापलं, जळलं, ढोरांनी खाल्लं तरी खालची गाठ नवे धुमारे काढते. जिथे दर पाच-दहा वर्षांनी आग लागते तिथल्या झाडांना ही गाठ परवडते.

माउंटन अ‍ॅशला ही गाठच नाही. वर सालही पातळ. खोडातले सुप्त डोळे मोठ्या आगीत होरपळून जातात. तिनं सगळं भांडवल उंचीत घातलंय. कारण ती राहते तिथे एरवी इतकी ओल असते की आग दोन-तीन पिढ्यांत एकदा लागणार. आग लागली की पुढे शर्यत एकच: शेजाऱ्याच्या आधी उन्हाला पोहोचायचं. रोपं वर्षाला मीटर-दोन मीटर वाढतात, पन्नास वर्षांत साठ-पासष्ट मीटर होऊ शकतात. या शर्यतीत बुंध्याशी शिल्लक टाकत बसणारा मागे पडतो.

बी आगीची वाट का बघतं, हेही सांगतो. बी एरवीही थोडं थोडं पडत असतंच. पण जंगलाच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या जाड थरावर पडलेलं बी जगत नाही. बहुतेक मुंग्या नेतात, उगवलंच तर उजेडाअभावी आणि बुरशीनं मरतं. मेलबर्नमधले डेव्हिड अ‍ॅश्टन या वनस्पतिशास्त्रज्ञानं आयुष्यभर याच जंगलाचा अभ्यास केला. मुंग्या किती बी नेतात तेही त्यांनी तपासलंय. आगीनंतर एकदम एवढं बी पडतं की मुंग्यांना आवरत नाही. शिवाय खाली मोकळी माती, राख आणि डोक्यावर उघडं आकाश.

@कडीपत्ता, नाही. आपलं तेल मुख्यतः ब्लू गमचं, म्हणजे ग्लोब्युलसचं. ऑस्ट्रेलियात तेलासाठी ब्लू मॅली ही झुडुपासारखी निलगिरी वापरतात. पण हा धंदा सुरू झाला तो इथेच, डँडेनाँगच्या ओढ्याकाठी. जोसेफ बोसिस्टो नावाच्या औषधविक्यानं १८५२च्या सुमारास भट्टी लावली, आणि त्याला उत्तेजन दिलं ते याच म्युलरनं. तुमच्या आजीच्या रुमालाचं मूळ फिरून पफिंग बिलीच्या आसपासच येतं.

---

तिरकस

"राज्य करणारा" वगैरे ठीक आहे, पण जगातलं सर्वात उंच झाड अमेरिकेतलं रेडवुड आहे. हायपेरियन, ११५ मीटरच्या वर. उगाच ऑस्ट्रेलियन फुशारकी नको.

---

यारावासी

@तिरकस, मी लेखात कुठेही 'सर्वात उंच' लिहिलेलं नाही, पुन्हा वाचा. :) रेडवुड सूचिपर्णी आहे, त्याला फूल येत नाही. फुलणाऱ्या झाडांत मात्र हीच पहिली.

---

होबार्टची_सून

टास्मानियातून हजेरी! आमच्याकडे या झाडाला माउंटन अ‍ॅश म्हणालात तर लोक ओळखणार नाहीत, इथे ते 'स्वॉम्प गम'. सासरे अजून तसंच म्हणतात. दलदलीत ते मुळीच उगवत नाही, पण नावं अशीच.

दोन दुरुस्त्या आहेत, यारावासी, राग मानू नका.

एक. 'फुलणाऱ्या झाडांत पहिली' हे २०१९पासून छातीठोकपणे म्हणता येत नाही. सगळ्यात उंच रेग्नन्स आमच्याकडे आहे, दक्षिणेत जीव्हस्टनच्या बाजूला, नाव सेंच्युरियन. २००८ साली विमानातून लेसर टाकून केलेल्या मोजणीत ते सापडलं. तेव्हा ९९.६ मीटर भरलं, नंतरच्या मोजणीत १००.५. पण २०१९मध्ये बोर्निओत, साबाच्या डॅनम खोऱ्यात एक मेरांटीचं झाड सापडलं, १००.८ मीटर. 'मेनारा' नाव ठेवलंय, मलय भाषेत मनोरा. मेरांटी म्हणजे शोरिया, आपल्या सालवृक्षाचा नातेवाईक. तेव्हा किताब सध्या सालाच्या घरात गेलाय, तेही वीतभर फरकानं.

दुसरी. 'आगीत मरतं' हे जरा ढोबळ लिहिलंय. २०१९च्या जानेवारीत इकडे मोठे वणवे लागले तेव्हा सेंच्युरियनपर्यंत आग पोहोचली होती. बुंधा आतून जळून पोकळ झाला, पण झाड वाचलं. आम्ही सगळे रोज बातम्यांत तेच शोधत होतो. सासऱ्यांनी तर घरात मांडलेला देव्हारा सोडून टीव्हीपुढेच हात जोडले. (सासरे मूळचे सांगलीचे, पण आता पक्के टास्सी झालेत.)

---

तिरकस

हा हा. म्हणजे माझ्या बाजूनं निकाल.

---

यारावासी

@होबार्टची_सून, दोन्ही दुरुस्त्या मान्य, मेनाराचं माझ्या लक्षातच नव्हतं. आगीबद्दलही तुमचं बरोबर. तीव्र आगीत, शेंडे पेटले की झाड मरतं. आग जमिनीलगत सरकली तर मोठी झाडं वाचतात, आणि म्हणून काही ठिकाणी दोन-तीन वयांची झाडं एकत्र दिसतात. बाबांना 'पीक' म्हणू दिलं ते थोडं मागे घ्यावं लागेल.

पूर्वी यापेक्षाही उंच झाडं असावीत. गिप्सलँडमध्ये थॉर्पडेलला १८८०च्या दशकात एक झाड पाडलं, ते आडवं पडल्यावर एका सर्वेक्षकानं मोजलं ते ३७५ फूट, म्हणजे ११४ मीटर. तिथे आता फक्त पाटी आहे. त्या काळच्या चारशे फुटांच्या पुढच्या कहाण्याही ऐकायला मिळतात, पण दारूच्या दुकानात सांगितलेली वाघाची लांबी आणि या झाडांची उंची यांत मी फार फरक करत नाही.

---

रानजाई

ढोलींबद्दल कोणी लिहिलं नाही. मी काही वर्षं घुबडं आणि धनेशांच्या ढोल्यांच्या नोंदी ठेवल्यात कोकणात. जुन्या झाडाशिवाय ढोली नाही, आणि ढोलीशिवाय धनेश नाही. तिथे तसं कोण आहे?

---

यारावासी

@रानजाई, आहे ना, आणि त्याची गोष्ट सिनेमात शोभेल अशी आहे. लेडबीटर्स पॉसम. खारीएवढा, करडा, पाठीवर काळी रेघ, शेपटी टोकाकडे जाड होत जाणारी. १९३९च्या आगीनंतर हा प्राणी नामशेष झाला असंच धरून चालले होते. १९६१ साली मेरीसव्हिलच्या पुढे कँबरव्हिलला तो पुन्हा दिसला. दहा वर्षांनी व्हिक्टोरियानं त्याला राज्याचा प्राणी करून टाकलं.

त्याची अट विचित्र आहे. राहायला म्हातारी झाडं लागतात, कारण माउंटन अ‍ॅशला चांगली ढोली पडायला सव्वाशे-दीडशे वर्षं जातात. आणि खायला तरुण जंगल लागतं, कारण तो वॉटलचा डिंक आणि किडे खातो, आणि वॉटलची दाट गर्दी आगीनंतरच्या काही दशकांतच असते. १९३९च्या आगीनं दोन्ही एकदम दिलं होतं: मेलेली पण उभी ढोलीवाली खोडं, आणि खाली तरुण वॉटल. म्हणून तो टिकला. आता ती मेलेली खोडं एकेक करून कोसळताहेत आणि एकोणचाळीसची झाडं अजून ढोलीच्या वयात आलेली नाहीत. मधली पिढीच नाही. संशोधक लाकडी खोकी टांगून बघतात, पण शंभर वर्षांचं अंतर खोक्यांनी कसं भरायचं?

खरं जुनं माउंटन अ‍ॅश मध्य डोंगराळ भागात जेमतेम एका टक्क्याच्या आसपास उरलंय.

---

बांधावरचा

हे सगळं ऐकतोय. पण माझा मूळ मुद्दा पाण्याचा होता, तो बाजूलाच राहिला. एवढी शंभर शंभर मीटरची झाडं, ती किती पाणी ओढत असतील? मेलबर्नच्या लोकांना नळाला पाणी येतं का?

---

यारावासी

@बांधावरचा, मुद्दा बाजूला ठेवला नव्हता, नीट लिहायला वेळ हवा होता. यावर बाबा आणि मी तीन संध्याकाळी भांडलोय.

मेलबर्नला पाणी येतं ते याच झाडांखालून. शहराच्या पूर्वेला आणि उत्तरेला दीड लाख हेक्टरहून मोठं पाणलोट क्षेत्र आहे, त्यातलं बरंचसं लोकांना बंद ठेवलंय: मरूंडा, ओशॅनेसी, वरची यारा, थॉमसन, वॉलबी क्रीक. तिथे शेती नाही, वस्ती नाही, आपण पायवाटेनंही जायचं नाही. त्यातला मोलाचा भाग माउंटन अ‍ॅशचा, कारण जास्त पावसाची जागा तीच.

१९३९ला यातला बराच भाग जळला. आधी वाटलं, झाडं गेली, आता ओढ्यांना पाणी वाढेल. सुरुवातीला वाढलंही. मग घटायला लागलं आणि घटतच गेलं. १९८०च्या दशकात जॉर्ज कुझेरा या अभियंत्यानं जुन्या नोंदी लावून आलेख काढला. आगीनंतर पंचवीस-तीस वर्षांनी ओढ्यांचं पाणी तळाला जातं, जुन्या जंगलाच्या जवळजवळ निम्म्यावर. तिथून पूर्वपदावर यायला शंभर-दीडशे वर्षं लागतात. त्याच्या नावानंच तो आलेख ओळखतात.

कारण काय? पाणी खोडाच्या बाहेरच्या कोवळ्या लाकडातून चढतं, मधलं जुनं लाकूड नुसतं खांबाचं काम करतं. तरुण जंगलात बारीक खोडं हजारोंनी, सगळीच कोवळी. त्यांच्या रसवाहू लाकडाचं एकूण क्षेत्रफळ आणि पानोळा प्रचंड. दोनशे वर्षांच्या जंगलात मोजकीच खोडं, जाड असली तरी पाणी ओढणारं कडं पातळ, आणि शेंडे विरळ झालेले. म्हणजे पाणी किती ओढलं जाणार ते झाडाच्या उंचीपेक्षा जंगलाच्या वयावर जास्त ठरतं.

आता तुमचा धुरा घ्या. निलगिरी लावली, पाच-सहा वर्षांत कापली, खोडवा घेतला, परत पाच-सहा वर्षांनी कापली. म्हणजे ती कायम वाढत्या वयाच्या पोरासारखी, घास मागतच राहणार. तुमच्याकडची जात वेगळी, पाऊस निम्मा, तोही चार महिन्यांत पडणारा, आणि जमिनीखाली मुरूम. हे सगळं धरलं तर तुमची विहीर आटली यात मला नवल वाटत नाही. तुमचं म्हणणं खोडायला मी हे लिहीत नाही. बाबांना मी एवढंच म्हणालो, की झाड वाईट नव्हतं, ते म्हातारं होऊ दिलं नाही आणि नको तिथे लावलं.

त्यावर बाबा म्हणाले, "म्हातारं होऊ द्यायला शेतकऱ्याच्या पोराचं लग्न दोनशे वर्षं थांबतं का?" भांडण तिथेच आहे.

---

बांधावरचा

वडिलांना नमस्कार सांगा. त्यांनी बरोबर विचारलं.

खोडाच्या बाहेरच्या कड्यातून पाणी चढतं हे माहीत होतं, पण वयाचा हिशोब लावला नव्हता. आमच्याकडे जुन्या डाक बंगल्याच्या आवारात दोन जुनाट निलगिऱ्या आहेत, त्यांच्या शेजारची विहीर अजून आहे. मी समजत होतो विहिरीला झरा मोठा असेल.

झरा मोठा असूही शकतो.

---

सह्यभटक

मग तिकडे तोड होते का? एवढं कळल्यावर?

---

यारावासी

@सह्यभटक, होत होती, दशकानुदशकं. कागदासाठी आणि चिरकामासाठी सगळं एकदम साफ करून, मग पालापाचोळा जाळून, बी टाकून. आगीची नक्कलच म्हणायची, फक्त ढोलीवाली खोडं मागे न ठेवणारी. आंदोलनं झाली, पॉसमसाठी खटले झाले. १ जानेवारी २०२४पासून व्हिक्टोरियात सरकारी नैसर्गिक जंगलातली लाकूडतोड बंद आहे. डोंगरातल्या लाकूडगिरणीच्या गावांत त्याचा राग आहे आणि तो मला समजतो.

पण तोड थांबली म्हणून गोष्ट संपत नाही. झाडाला बी धरायला साधारण वीस वर्षं लागतात. त्याच्या आत दुसरी आग आली तर टाकायला बीच नसतं. मातीत बी साठून राहत नाही, सगळी ठेव शेंड्यावर. मग तिथे वॉटल आणि झुडपं येतात आणि माउंटन अ‍ॅश कायमची जाते. १९२६ला जळून उगवलेली आणि १९३९ला पुन्हा जळलेली काही ठिकाणं आहेत, तिथे हेच झालं. आणि उलट बाजूनं, चारशे वर्षं आग आलीच नाही तर म्हातारी झाडं आपोआप मरतात, आणि खालचं मर्टल बीच-सॅसाफ्रासचं ओलं रान वर येतं. वीस आणि चारशेच्या मध्ये कधीतरी एकदा. एवढंच तिचं मागणं आहे, आणि आता वणवे लवकर लवकर येताहेत. अल्पाइन अ‍ॅशचं तर इतक्या वेळा जळून झालंय की सरकारला वरून, हवेतून बी पेरावं लागतं.

७ फेब्रुवारी २००९चा ब्लॅक सॅटर्डे. १७३ माणसं गेली. किंगलेक, मेरीसव्हिल ही गावं होत्याची नव्हती झाली. त्याच वणव्यात वॉलबी क्रीकचं तीनशे वर्षांचं माउंटन अ‍ॅश जळालं. तिथल्या काळ्या खोडांखालची नवी रोपं अजून विशीतही नाहीत.

---

रानजाई

म्हणजे तिथे अजून बी नाही.

---

यारावासी

@रानजाई, थोडं धरायला लागलं असेल. भरवशाचं नाही.

---

कडीपत्ता

विषय गंभीर झालाय, पण विचारते. आम्ही डिसेंबरात मुलीकडे मेलबर्नला येतोय. पफिंग बिली करूच. पण चालत जाऊन झाडाला हात लावायचा तर कुठे? गुडघे सत्तरीचे आहेत.

---

यारावासी

@कडीपत्ता, या या! शेरब्रुकच्या जंगलात जा, बेलग्रेव्हजवळच आहे. सपाट वाटा आहेत, गुडघ्यांना त्रास नाही. सकाळी लवकर गेलात तर लायरबर्ड दिसेल. कोंबडीएवढा पक्षी, पण दहा पक्ष्यांच्या नकला एका दमात करतो. गाडी असेल तर हिल्सव्हिलहून नार्बेथाँगला जाणारा ब्लॅक स्पर नावाचा घाट करा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सरळ पांढरी खोडं, खाली वृक्षनेचे. आमच्याकडचे सगळे पाहुणे तिथे गप्प बसतात, माझी आत्यासुद्धा.

दोन सूचना. वारा असेल त्या दिवशी जाऊ नका. वरून फांद्या पडतात, इथले लोक तशा फांदीला 'विडोमेकर' म्हणतात, बायको विधवा करणारी. आणि कळीच्या टोप्या शोधू नका. फुलोरा मार्च ते मेच्या आसपास येतो, डिसेंबरात टोप्या मिळणार नाहीत.

साल मात्र तेव्हाच सुटायला लागलेली असते. वाटेवर तीन-चार मीटरची पट्टी सापडेल, कडक, पन्हाळीसारखी वळलेली. उचलून बघा, वजन लागत नाही. बाबांनी एक भारतात न्यायला घेतली होती, ती मी बॅगेतून काढून ठेवली. विमानतळावर विचारलं असतं. सध्या आमच्या व्हरांड्यात उभी आहे.

---

होबार्टची_सून

बाबांना कळलं का काढून ठेवल्याचं?

---

यारावासी

घरी पोचल्या पोचल्या फोन आला होता.